व्हरांड्यातला बॅरिस्टर

संध्याकाळी पाचच्या आसपास चेंबरच्या क्लार्कचा फोन येतो. उद्या सकाळी दहाला रीडिंगच्या कोर्टात उभं राहायचंय, ज्यांचं काम होतं ते बॅरिस्टर दुसऱ्या खटल्यात अडकलेत, कागद मेलवर पाठवतोय. इंग्लंडच्या वकिली वर्तुळात अशा कामाला 'रिटर्न' म्हणतात. दिवाणी आणि कौटुंबिक दावे चालवणाऱ्या ज्युनिअर बॅरिस्टरच्या पहिल्या काही वर्षांतलं बरंचसं काम हे असंच, दुसऱ्याच्या हातून निसटून आलेलं असतं. कागद सहाला येतात, कधी आठला. कौटुंबिक न्यायालयाच्या नियमानुसार बंडल साडेतीनशे पानांच्या आत बसवायचं असतं, आणि आपल्या अशिलाची भूमिका सांगणारं टिपण आदल्या दिवशी सकाळी अकराच्या आत कोर्टाकडे पोचायला हवं असतं. फोन आला तेव्हाच ती वेळ उलटून गेलेली असते. मग रात्री कधीतरी टिपण लिहून होतं, मध्यरात्रीच्या आधी ते कोर्टाला आणि समोरच्या वकिलाला जातं, आणि सकाळी सातची गाडी पकडायची असते.

त्या साडेतीनशे पानांत एक अख्खं घर असतं. पोलिसांना केलेल्या फोनांच्या नोंदी, डॉक्टरच्या चिठ्ठ्या, शाळेचं पत्र, रात्री दोन वाजता पाठवलेले मेसेज, आजीचं निवेदन. ज्याच्या आयुष्याचे हे कागद, त्याला वकिलानं अजून पाहिलेलंही नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला कोर्टाच्या व्हरांड्यात पहिली भेट होते आणि दहाला सुनावणी. या मधल्या एका तासाबद्दल मला लिहायचं आहे. कायद्याचं सगळ्यात जड काम त्या तासात होतं, आणि ते करणारी व्यक्ती बहुतेक वेळा त्या इमारतीतली सगळ्यात नवखी वकील असते.

'बॅरिस्टर' म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे भरल्या न्यायालयात बोलणारा, इंग्रजीवर हुकमत असलेला, गाऊन घातलेला माणूस येतो. आपल्याकडे नावाआधी 'बॅ.' लागायचं ते आयुष्यभरासाठी. बॅ. नाथ पै, बॅ. अंतुले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१६ मध्ये लंडनच्या ग्रेज इनमध्ये दाखल झाले, शिक्षण मध्येच सोडून त्यांना परतावं लागलं, पुन्हा गेले आणि १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले. ग्रेज इन, लिंकन्स इन, इनर टेंपल आणि मिडल टेंपल या चार संस्थांपैकी एकीचं सदस्य झाल्याशिवाय आजही इंग्लंडमध्ये बॅरिस्टर होता येत नाही. ग्रेज इनमधून बाहेर पडून हाय होबर्नवर काही मिनिटं चाललं की फर्स्ट अव्हेन्यू हाऊस लागतं. बाहेरून ती इमारत कुठल्याही कंपनीच्या कचेरीसारखी दिसते. लंडनचं मध्यवर्ती कौटुंबिक न्यायालय तिथे आहे. मुलांच्या ताब्याच्या रोजच्या सुनावण्यांत विग नाही, गाऊन नाही. साधा काळा सूट. प्रेक्षक नाहीत, कारण या सुनावण्या बंद दाराआड होतात. बोलायला मिळतात दहा-पंधरा मिनिटं.

तिथवर पोचायची वाट लांब आहे. पदवी, त्यानंतर बारचा अभ्यासक्रम, मग इनमध्ये सनद आणि त्यानंतर एक वर्षाची उमेदवारी, म्हणजे प्युपिलेज. पहिले सहा महिने ज्येष्ठाच्या मागे फिरायचं, त्याचे कागद वाचायचे, मसुदे लिहायचे, कोर्टात तोंड उघडायचं नाही. सातव्या महिन्यापासून एकट्यानं उभं राहायचं. या वर्षासाठी किमान मानधन ठरवून दिलेलं असतं. २०२४ साली लंडनमध्ये ते २३,०७८ पौंड होतं. ज्यांनी लंडनमध्ये घरभाडं भरलंय त्यांना हा आकडा कुठे संपतो ते सांगायला नको. वर्ष संपलं की चेंबर, म्हणजे बॅरिस्टरांची सामाईक कचेरी, ठरवतं: कायमची जागा द्यायची की नाही. जागा मिळाली तरी ती नोकरी नसते. इंग्लंडमधले बहुसंख्य बॅरिस्टर स्वतःच्या जोखमीवर काम करतात. पगार नाही, आजारपणाची रजा नाही, आणि कमाईतला वाटा चेंबरच्या भाड्याला नि क्लार्कला द्यायचा.

तिथल्या व्यवस्थेत बॅरिस्टरला अशील सहसा थेट गाठत नाही. आधी सॉलिसिटर, तो कागद जमवतो, पत्रव्यवहार करतो आणि कोर्टात बोलायची वेळ आली की बॅरिस्टर नेमतो. बॅरिस्टरवर एक जुना नियम आहे, ज्याला ते 'कॅब रँक' म्हणतात. आपल्या क्षेत्रातलं काम आलं, वेळ मोकळा आहे, फी रास्त आहे, तर अशील आवडत नाही किंवा त्याची बाजू पटत नाही म्हणून नाही म्हणता येत नाही. मला हा नियम मनापासून मोलाचा वाटतो. मारहाणीचा आरोप असलेल्या बापालाही त्यामुळे वकील मिळतो आणि त्या वकिलाला कोणी 'तू त्याच्या बाजूनं का उभी राहिलीस' असं विचारत नाही. पण नियम बांधतो तो बॅरिस्टरला. काम कुणाला द्यायचं हे सॉलिसिटरच्या मर्जीवर आहे. मुंबईत १९२३ नंतर वकिली सुरू केलेल्या बाबासाहेबांना जातीपायी काम मिळवताना काय सोसावं लागलं, हे आपण विसरलेलो नाही. ज्ञान, पदवी, सनद सगळं असूनही दार कुणीतरी दुसऱ्यानं उघडावं लागतं. लंडनमधल्या आजच्या ज्युनिअरची अडचण तितकी क्रूर नाही, पण दार अजूनही बाहेरूनच उघडतं.

नाशिकमध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींना ते दार उघडायला फार वाट पाहावी लागली. १८९२ मध्ये त्यांनी ऑक्सफर्डात कायद्याची परीक्षा दिली, पण ब्रिटनमध्ये स्त्रियांना वकिलीचा हक्क मिळाला तो १९१९ च्या कायद्यानं. पडदानशीन बायकांची मालमत्ता आणि पालकत्व सांभाळायचं काम त्या मधल्या काळात सनदेशिवाय करत राहिल्या. आज इंग्लंडच्या कौटुंबिक न्यायालयांत उभ्या राहणाऱ्या बॅरिस्टरांत स्त्रिया मोठ्या संख्येनं आहेत, आणि सोराबजींनी ज्या प्रकारचं काम केलं ते आजही मुख्यतः त्यांच्याच वाट्याला येतं.

*

दिवाणी कामाबद्दल थोडक्यात. ज्युनिअरची सुरुवात बहुधा इथून होते. काउंटी कोर्टात दहा हजार पौंडांपर्यंतचे दावे लहान दाव्यांच्या रांगेत जातात, त्यापुढे पंचवीस हजारांपर्यंत दुसरी रांग, आणि ऑक्टोबर २०२३ पासून एक लाखापर्यंतची तिसरी. खुल्या न्यायालयात मागच्या बाकावर बसून हे खटले कुणालाही ऐकता येतात, आणि ऐकावेत. वकिली म्हणजे काय ते मोठ्या खटल्यांपेक्षा इथे नीट समजतं.

गाडीला मागून धक्का बसला. गाडी गॅरेजात गेली. एका कंपनीनं त्या माणसाला उधारीवर दुसरी गाडी भाड्यानं दिली, रोजच्या बाजारभावापेक्षा बऱ्याच जास्त दरानं. आता ते भाडं समोरच्याच्या विमा कंपनीकडून वसूल करायचंय. खटल्यात प्रश्न चारच: गाडीची गरज होती का, किती दिवस होती, दर रास्त होता का, आणि हा माणूस रोख पैसे देऊन स्वस्तात गाडी घेऊ शकला असता का. शेवटच्या प्रश्नासाठी त्याचे बँकेचे कागद कोर्टासमोर येतात. विमा कंपनीच्या बाजूनं उभी असलेली पंचवीस-सव्वीस वर्षांची ज्युनिअर एका टॅक्सीवाल्याला विचारते, या तारखेला खात्यात बाराशे पौंड होते ना? तो म्हणतो, ते घरभाड्याचे होते. ती पुढच्या पानावर जाते. २००३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं ठरवलं की ज्याला परवडत नाही त्याला उधारीचा जादा दरही मिळू शकतो. तेव्हापासून 'परवडत नाही' हे सिद्ध करण्याभोवती हजारो सुनावण्या झाल्या आहेत. खटल्याची रक्कम थोडी असते. पण खात्यातल्या शिल्लकीवरून भर कोर्टात प्रश्न विचारले जाण्याचा अपमान थोडा नसतो, आणि प्रश्न नेमके पण सभ्य कसे विचारावेत हे ज्युनिअर इथेच शिकते.

घराच्या ताब्याचे दावे याहून वेगानं चालतात. एका सकाळी प्रकरणांची लांबलचक यादी असते आणि प्रत्येकाला काही मिनिटं मिळतात. कारण न देता भाडेकरूला घर सोडायला लावणारी नोटीस २०२५ च्या रेंटर्स राइट्स कायद्यानं मोडीत काढली. थकबाकीच्या दाव्यांत दोन महिन्यांचं भाडं थकलं की न्यायाधीशाला ताबा द्यावाच लागेल असा जो जुना नियम होता, तो नव्या कायद्यानं तीन महिन्यांवर नेला. हे बदल मला योग्य वाटतात. ज्या ज्युनिअरनं घरमालकाच्या बाजूनं उभं राहून समोरच्या बाईला बाळासकट घराबाहेर काढणारा हुकूम मागितला आहे, तिला या मुदतीचं महत्त्व कायदेमंडळातल्या भाषणांपेक्षा जास्त कळतं. हुकूम मागणं तिचं काम होतं. त्याच सकाळी ती बाहेर आल्यावर त्या बाईला महापालिकेच्या गृहनिर्माण विभागाकडे कुठला कागद घेऊन जायचा ते सांगते, तेव्हा ते तिच्या फीमध्ये धरलेलं नसतं.

*

आता त्या व्हरांड्याकडे.

एक कल्पित पण कोर्टात रोज दिसणारं प्रकरण धरू. दोन मुलं, सात आणि चार वर्षांची. आईबाप वेगळे झालेत, मुलं आईकडे आहेत. बापाने मुलांना भेटता यावं म्हणून अर्ज केलाय; त्या अर्जाच्या नमुन्याला सी-१०० म्हणतात. आईनं उत्तरात छळाचे आरोप केले आहेत. पहिली तारीख आहे. आईकडे छळाचे पुरावे असल्यानं तिला सरकारी खर्चानं वकील मिळालाय. बापाला मिळालेला नाही.

का मिळाला नाही? १ एप्रिल २०१३ पासून लागू झालेल्या कायद्यानं इंग्लंड-वेल्समध्ये नवराबायकोतले बहुतेक खासगी कौटुंबिक वाद सरकारी कायदेशीर मदतीतून वगळले गेले. त्या दिवसापासून कौटुंबिक न्यायालयांत वकिलाविना उभी राहणारी माणसं वाढत गेली. भारतातही १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याचं तेरावं कलम वकील घेण्याचा हक्क पक्षकाराला देत नाही, न्यायालयाची परवानगी लागते. पण आपल्याकडे मूळ विचार असा होता की संसारातले वाद वकिलांच्या डावपेचांपासून दूर राहावेत. प्रत्यक्षात परवानगी मिळते आणि वकील असतात. इंग्लंडमध्ये विचार पैसे वाचवण्याचा होता, आणि वकील खरोखर नाहीसे झाले. माझ्या मते गेल्या पंधरा वर्षांत तिथल्या न्यायव्यवस्थेला झालेली ही सगळ्यात मोठी इजा आहे. रोज सकाळी तिची भरपाई करायला व्हरांड्यात ज्युनिअरच उभे असतात.

सकाळी नऊ. भेटीच्या खोल्या भरलेल्या. आई आणि तिची वकील जिन्याखालच्या दोन खुर्च्यांवर बसतात. आईचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: जिंकू ना आपण? यावर खरं उत्तर द्यायचं आणि तिचा धीरही खचू द्यायचा नाही. १९८९ च्या चिल्ड्रन अॅक्टनं न्यायाधीशापुढे सात मुद्द्यांची यादी ठेवली आहे. मुलाची इच्छा, गरजा, बदलाचा परिणाम, वय आणि पार्श्वभूमी, झालेली किंवा होऊ शकणारी इजा, आईबापांची क्षमता, आणि न्यायालयाच्या हातातले पर्याय. त्यात आईनं किती सोसलं असा वेगळा मुद्दा नाही. तो मुलांना झालेल्या इजेच्या वाटेनं आत येतो. हे एका घाबरलेल्या, रात्रभर न झोपलेल्या बाईला तिचा अपमान न होऊ देता समजावून सांगायचं असतं. त्यासाठी शब्द निवडण्याला मी वक्तृत्व म्हणतो. भाषणाच्या वक्तृत्वापेक्षा ते अवघड आहे.

दरम्यान कॅफकॅसचं पत्र आलेलं असतं. कॅफकॅस ही मुलांच्या हितासाठी न्यायालयाला सल्ला देणारी सरकारी संस्था आहे, २००१ पासून काम करणारी. तिच्या अधिकाऱ्यानं दोन्ही आईबापांशी फोनवर बोलून, पोलिस आणि बालकल्याण खात्याच्या नोंदी तपासून चार-पाच पानांचं पत्र लिहिलेलं असतं. त्यातलं एखादं वाक्य आईनं वाचलेलं नसतं, आणि तेच महत्त्वाचं असतं. उदाहरणार्थ, दोन वर्षांपूर्वी शेजाऱ्यांनी पोलिसांना बोलावलं तेव्हा आई काहीच बोलली नव्हती. ज्युनिअरनं हे विचारायलाच हवं, कारण न्यायाधीश विचारणार. कसं विचारायचं, कधी विचारायचं, उत्तर ऐकताना चेहरा कसा ठेवायचा, हे कुठल्याही अभ्यासक्रमात नाही. ते ज्येष्ठांच्या मागे फिरलेल्या त्या सहा महिन्यांत पाहून शिकायचं असतं, आणि तिथं ज्येष्ठ चांगला मिळाला नाही तर कधीच शिकलं जात नाही.

मग बापाकडे जायचं. तो व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला एकटा बसलेला असतो, मांडीवर कागदांची पिशवी. त्याला ज्युनिअर शत्रूपक्षाची वाटते. तिनं आधी सांगायचं असतं की मी तुमची वकील नाही, तुम्हाला सल्ला देऊ शकत नाही. मग विचारायचं, कॅफकॅसचं पत्र मिळालं का? बऱ्याचदा मिळालेलं नसतं. ते तिनं दाखवायचं. आज न्यायाधीश काय ठरवतील आणि काय ठरवणार नाहीत ते सोप्या शब्दांत सांगायचं. त्याच्या अज्ञानाचा फायदा घ्यायचा नाही, न्यायालयाची दिशाभूल करायची नाही. आणि हे सगळं करताना आपल्या अशिलाचा एकही मुद्दा सोडायचा नाही. तिकडे जिन्याखालून आई पाहत असते. तिला वाटतं, माझी वकील त्याच्याशी इतका वेळ काय बोलतेय? परत गेल्यावर आधी तो संशय दूर करावा लागतो. एवढं सगळं घड्याळात नऊ चाळीस होईपर्यंत.

न्यायालयापुढचा त्या दिवसाचा खरा प्रश्न असा असतो: आरोपांची आधी वेगळी चौकशी करायची का, आणि तोवर मुलांनी बापाला भेटायचं का, भेटायचं तर कुठे, कुणाच्या देखरेखीखाली. छळाच्या आरोपांबाबत न्यायालयानं कसं वागावं याची वेगळी नियमावली आहे. २०२० मध्ये सरकारनं नेमलेल्या तज्ज्ञमंडळाच्या अहवालानं कौटुंबिक न्यायालयं छळाकडे पुरेशा गांभीर्यानं पाहत नाहीत असं स्पष्ट म्हटलं. पुढच्याच वर्षी अपील न्यायालयानं सांगितलं की सुट्या सुट्या घटना मोजत बसू नका, दहशतीचा आणि नियंत्रणाचा सलग नमुना दिसतो का ते पाहा. याचा परिणाम ज्युनिअरच्या मसुद्यावर लगेच झाला. पूर्वी तक्ता असायचा: तारीख, घटना, आरोप, उत्तर. आता बँकेचं कार्ड कुणाकडे असायचं, फोन कोण तपासायचं, माहेरी बोलायला परवानगी लागायची का, हे सगळं मांडावं लागतं. चौकशी झाली की प्रत्येक आरोप घडला किंवा घडला नाही, असा निकाल शक्यतेच्या पारड्यावर द्यावा लागतो. मधली जागा नाही.

घरगुती छळाविषयीच्या २०२१ च्या कायद्यानं आणखी एक महत्त्वाचं काम केलं. ज्याच्यावर छळाचा आरोप आहे त्यानं स्वतः उभं राहून त्या बाईची उलटतपासणी घेणं अनेक प्रसंगी थांबवलं. त्याआधी असं घडत होतं, आणि न्यायाधीश अस्वस्थ होऊन पाहत राहत. जुलै २०२२ पासून न्यायालय अशा वेळी केवळ उलटतपासणीपुरता वकील नेमू शकतं. तरतूद चांगली आहे. पण त्यासाठी मिळणारा मोबदला आणि लागणारी तयारी यांचा मेळ बसत नसल्यानं वकील पुरेसे पुढे येत नाहीत, आणि तारीख पुढे ढकलली जाते. तारीख पुढे गेली की चार वर्षांचं मूल पाच वर्षांचं होतं.

सुनावणी बहुधा अर्ध्या-पाऊण तासात संपते. कधी समोर जिल्हा न्यायाधीश असतो, कधी तीन मानद मॅजिस्ट्रेट, जे वकील नसतात आणि बिनपगारी बसतात. निकाल तोंडी मिळतो. तो लेखी आदेशात उतरवायचं काम वकिलांकडे असतं, आणि वकील एकच असेल तर तिच्याकडे. परतीच्या गाडीत मांडीवर लॅपटॉप ठेवून ती आदेश लिहिते. शनिवारी दहा ते बारा, अमुक केंद्रात, खर्च कोणाचा, दहा मिनिटं उशीर झाला तर काय. सैल लिहिलेल्या एका वाक्यामुळे सहा महिन्यांनी नवा अर्ज दाखल होऊ शकतो. मसुदा बापालाही पाठवायचा, त्याचं म्हणणं घ्यायचं, मग कोर्टाला. तोवर पाच वाजतात आणि क्लार्कचा फोन वाजतो.

*

मुलं सरकारी देखभालीत घेण्याची प्रकरणं याहून वेगळी. तिथे आईबापांना आणि मुलालाही उत्पन्न न पाहता वकील मिळतो, आणि तसा तो मिळालाच पाहिजे. स्थानिक प्रशासन म्हणतं की या घरात मुलाला गंभीर इजा होते आहे किंवा होण्याचा संभव आहे. कायदा म्हणतो, सव्वीस आठवड्यांत निकाल लावा. कधी मूल दोन दिवसांचं असतं, आई प्रसूतिगृहातून फोनवर बोलत असते, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी न्यायालयानं ठरवायचं असतं की ते तिच्याजवळ राहील का. वकिलीत दोन-तीन वर्षं झालेली मुलं-मुली ही कामं करतात. काही आरोप मान्य करण्याचा सल्ला आईला द्यावा लागतो. सगळं नाकारलं तर तिला स्वतःच्या अडचणींची जाणीव नाही असा अर्थ लावला जाईल आणि मूल जाईल. सगळं मान्य केलं तरी जाऊ शकतं. अशा सल्ल्याची जबाबदारी मोठ्या कंपन्यांचे करार लिहिणाऱ्या वकिलांवरही येत नाही.

या कामाचे पैसे ठरलेल्या दरानं मिळतात. सुनावणी एका तासाच्या आत संपली तर एक दर, अडीच तासांपर्यंत दुसरा. त्यासाठी न्यायाधीशाकडून एका फॉर्मवर वेळेची सही घ्यायची असते. आदल्या रात्रीची तयारी त्याच दरात धरलेली. सही राहिली तर पैसे मिळवताना नाकी नऊ येतात, म्हणून मूल गमावलेल्या आईला सावरत असताना ज्युनिअरच्या मनात त्या फॉर्मचा विचारही चालू असतो. तिला यात कमीपणा वाटायचं कारण नाही. ज्यांनी पद्धत अशी आखली त्यांना वाटायला हवा. पैसे हातात पडायला काही महिने जातात. अडचण पैशांपुरतीच नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये माजी मंत्री हॅरिएट हार्मन यांनी बॅरिस्टरांमधल्या दादागिरी आणि छळाविषयीचा अहवाल दिला. ज्युनिअर आणि प्युपिल यांच्या बाबतीत तक्रार करणं किती कठीण आहे यावर त्यात बराच भर आहे. ज्यांच्याकडून काम मिळतं त्यांच्याविरुद्ध बोलायचं कसं, हा तिथला पेच मराठी वकिलांनाही अनोळखी नाही.

घटस्फोटातल्या पैशांच्या दाव्यांवर फार लिहीत नाही. तिथे मधल्या टप्प्यावर एक न्यायाधीश दोन्ही बाजूंचे प्रस्ताव ऐकून आपण असतो तर काय निकाल दिला असता ते सांगतो आणि त्यानंतर त्या प्रकरणातून बाजूला होतो. पुष्कळ दावे तिथेच मिटतात. आपल्या कौटुंबिक न्यायालयांनी ही पद्धत जरूर अभ्यासावी.

*

आपल्या वाचकांशी थेट संबंध असलेला भाग राहिला. लंडनमध्ये १९३२ पासून महाराष्ट्र मंडळ आहे; आज इंग्लंडभर मराठी डॉक्टर, संगणक अभियंते, परिचारिका आहेत, आणि त्यांचेही संसार मोडतात.

एप्रिल २०२२ पासून इंग्लंड-वेल्समध्ये घटस्फोटासाठी दोष दाखवावा लागत नाही. एकानं संसार सावरण्यापलीकडे मोडल्याचं निवेदन केलं की पुरतं. वीस आठवडे थांबायचं, मग पहिला आदेश, त्यानंतर सहा आठवड्यांनी अंतिम. पण पुण्यात हिंदू विवाह कायद्यानुसार लग्न झालेल्या जोडप्यातल्या एकानंच असा आदेश घेतला आणि दुसऱ्यानं त्यात भाग घेतला नाही, तर भारतात तो टिकेलच असं नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये नरसिंह राव प्रकरणात सांगितलं की विवाह ज्या कायद्याखाली झाला त्याला मान्य असलेल्या कारणावर निकाल हवा, किंवा दोघांची संमती हवी. संसार पार मोडला हे कारण हिंदू विवाह कायद्यात नाही. म्हणून जोडप्यात समजूत असेल तर दोघांनी मिळून अर्ज करावा. ही सोय २०२२ च्या बदलांनी दिली आहे आणि आपल्या लोकांना ती पुरेशी माहीत नाही. इंग्लंडमध्ये घटस्फोटित आणि भारतात विवाहित अशा अवस्थेत अडकलेली माणसं मग पुण्याच्या कोर्टातही तारखा घेत बसतात.

मुलांबाबतचा पेच याहून अवघड आहे. परदेशी नेलेली मुलं परत आणण्यासाठी १९८० चा हेगचा करार आहे. ब्रिटन त्यात आहे, भारत नाही. इंग्लंडमधून भारतात आणलेल्या मुलाचं काय करायचं हे भारतीय न्यायालय मुलाचं हित पाहून नव्यानं ठरवतं. नित्या आनंद राघवन प्रकरणात २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं इंग्लंडच्या न्यायालयाचा आदेश असूनही मुलीला परत पाठवायला नकार दिला. त्यामुळे आई मुलांना घेऊन महिनाभर नाशिकला आजीकडे जाते म्हणाली आणि बापाला ती परत येईल याची खात्री नसली, की प्रकरण न्यायालयात जातं. न्यायाधीश तीन गोष्टी तोलतो: न परतण्याचा धोका किती, न परतल्यास मुलांचं नुकसान किती, आणि प्रवासावर घातलेल्या अटी खरंच धरतील का.

त्या अटींचा मसुदा लिहिणं हे बहुतेक वेळा ज्युनिअरचं काम. जाण्या-येण्याची तिकिटं आधी दाखवायची, राहण्याचे सगळे पत्ते द्यायचे, बापाशी व्हिडिओ कॉल कोणत्या दिवशी किती वाजता ते भारतीय वेळेसह लिहायचं, परतल्यावर पासपोर्ट सॉलिसिटरकडे जमा करायचे, गरज पडल्यास रक्कम अनामत ठेवायची, भारतीय वकिलाचं मत जोडायचं, शक्य असेल तर तसाच आदेश भारतातल्या न्यायालयाकडूनही आधी घ्यायचा. मुलं कुणाजवळ राहतील याचा आदेश आईच्या नावे असेल तर एक महिन्याहून कमी काळासाठी ती बापाच्या संमतीशिवाय मुलांना देशाबाहेर नेऊ शकते, अर्थात न्यायालयानं मनाई केलेली नसेल तर. असा आदेश नसताना दुसऱ्या पालकाच्या संमतीविना मुलं नेणं हा तिथे फौजदारी गुन्हा ठरू शकतो, आणि कित्येकांना हे विमानतळावरच कळतं. इंग्लंडमधल्या शाळांना जुलैच्या शेवटी उन्हाळी सुट्टी लागते. त्या सुट्टीत मुलांना घेऊन नाशिकला किंवा पुण्याला यायचं असेल आणि दुसऱ्या पालकाची लेखी संमती मिळत नसेल, तर सॉलिसिटरला मार्चमध्येच गाठावं. जूनमध्ये अर्ज केला तर सुट्टीआधी तारीख मिळेलच असं नाही.